बारोलो : वाट पाहणाऱ्यांची वाइन

बारोलोबद्दल नुसतं ऐकलेल्या माणसाची पहिली फसगत रंगापाशीच होते. इटलीतल्या सर्वांत मानाच्या रेड वाइनपैकी एक म्हटल्यावर पेल्यात काहीतरी दाट, जांभळट-काळपट असेल असं वाटतं. समोर येतो तो फिका माणिकरंग. कडेला तो विटकरीकडे झुकलेला असतो आणि पेल्यामागचं बोट दिसावं इतका पारदर्शक. वास घ्यावा तर गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या आणि त्यांच्याबरोबर, कुणाचा विश्वास बसू नये असा, डांबराचा वास. इतक्या नाजूक दिसणाऱ्या वाइनचा घोट घेतल्यावर दुसरी फसगत होते. हिरड्या आवळल्या जातात, गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ जांभळं खाल्ल्यावर होते तशी जड होते. बाटली चार-पाच वर्षांचीच असेल तर अनेकजण इथेच पेला खाली ठेवतात आणि विचारतात, या वाइनचं एवढं कौतुक कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्या बाटलीत त्या क्षणी नसतं, हेच बारोलोचं वैशिष्ट्य आहे. हे पुस्तक त्या उत्तराचा माग काढतं : एखादी वाइन वीस, तीस, चाळीस वर्षं टिकते म्हणजे नेमकं काय होतं, का होतं, आणि ती चांगली झाली की नुसतीच जुनी झाली हे पिणाऱ्यानं कसं ओळखायचं.

वायव्य इटलीत, पिएमोंते प्रांतात, आल्बा या लहान शहराच्या नैऋत्येला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. बारोलो हे तिथलं एक खेडं. त्याच्यासह अकरा गावांच्या शिवारात, ठरवून दिलेल्या उतारांवर पिकलेल्या नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून केलेली वाइन हीच कायद्यानं बारोलो. ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते ही त्यांतली इतर मोठी गावं. सगळ्या बागा मिळून क्षेत्र दोन हजार हेक्टरांहून थोडंच जास्त भरतं. १९६६ मध्ये या वाइनला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला आणि १९८० मध्ये त्याच्याही वरचा, इटलीच्या कायद्यातला सर्वोच्च. नियम असा की काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने वाइन मुरली पाहिजे आणि त्यांतले १८ महिने लाकडात गेले पाहिजेत. 'रिझेर्व्हा' लिहायचं असेल तर ६२ महिने. म्हणजे विक्रीला येतानाच बारोलो तिसरं वर्ष ओलांडून आलेली असते, आणि जाणकारांच्या लेखी तरीही ती कोवळीच असते.

नेब्बिओलो हे द्राक्ष शेतकऱ्याला सुखानं झोपू देत नाही. डोळे फुटतात सर्वांआधी, त्यामुळे वसंतातल्या उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीचा धोका. घड पिकतो सर्वांनंतर, पूर्वी तर ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे शरदातल्या पावसाची टांगती तलवार. वाढ जोमदार, पण काडीच्या बुडाकडचे पहिले काही डोळे घड देत नाहीत, म्हणून छाटणी करताना काडी लांब राखावी लागते. आखूड छाटली तर पानं भरपूर आणि फळ नाही. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला यातली धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. कुठल्या डोळ्यात घड आहे आणि कुठल्यात नाही ही चिंता त्याच्याही रोजच्या बोलण्यातली आहे. फरक इतकाच की आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. तिथे वेल हिवाळाभर झोपते आणि वर्षाची एकच संधी मिळते.

हा वेल जागेच्या बाबतीतही हट्टी आहे. हिवाळ्यात ज्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं तो नेब्बिओलोचा उतार, हा लांगेतला जुना ठोकताळा. दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे तोंड केलेली, टेकडीच्या मधल्या उंचीवरची जागा त्याला मिळते. बार्बेरा आणि दोल्चेत्तो ही द्राक्षं त्याच्या आजूबाजूच्या जागेवर समाधान मानतात आणि उरलेल्या थंड बाजूंवर हेझलनटची झाडं लावली जातात. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया अशा अनेक ठिकाणी नेब्बिओलो लावून पाहिला गेला. काही बाटल्या चांगल्याही निघाल्या, पण काबेर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ जसे जगभर रुजले तसा हा रुजला नाही. एका वेलीचं एका मातीशी असलेलं इतकं घट्ट नातं वाइनच्या जगातही फार ठिकाणी दिसत नाही.

ती मातीही एकसारखी नाही. आल्ब्याहून बारोलोकडे जाणारा रस्ता ढोबळमानानं सीमा समजला जातो. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलोच्या बाजूला निळसर करडी, चुनखडीयुक्त, तुलनेनं मऊ चिकणमाती आहे. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे ती अधिक जुनी, वालुकाश्मानं भरलेली, कडक होत जाते. पश्चिमेच्या वाइन लवकर खुलतात आणि सुगंधात पुढे असतात. पूर्वेच्या दीर्घकाळ मिटून राहतात. हा नियम दर दुसऱ्या बाटलीत मोडतो, तरी सुरुवात करायला तो उपयोगी आहे. मला स्वतःला सेर्रालुंगाची वाइन अधिक भावते. ती पहिली दहा वर्षं काहीही देत नाही, पण नंतर देते तेव्हा हातचं राखून ठेवत नाही. बारोलो गावाजवळची कान्नुबी ही लांबट टेकडी दोन्ही प्रकारच्या माती जिथे मिळतात तिथे उभी आहे. तिच्या नावाची एक बाटली १७५२ सालची आहे. बारोलो हे वाइनचं नाव म्हणून रूढ होण्याआधी ही टेकडी बाटलीवर पोहोचली होती.

एवढी प्रतिष्ठा पाहून ही वाइन अनादि काळापासून अशीच असणार असं वाटतं. तसं मुळीच नाही. १७८७ मध्ये थॉमस जेफर्सन ट्यूरिनला आले असताना त्यांनी नेब्बिओलो चाखला. त्यांच्या नोंदीत तो गोडसर, तुरट आणि किंचित फसफसणारा आहे. कारण साधं होतं. द्राक्ष उशिरा पिकायचं, रस पिंपात जाईपर्यंत थंडी पडायची, यीस्ट मध्येच थंडावायचं आणि सगळी साखर संपायच्या आत आंबणं थांबायचं. उरलेली साखर वसंतात पुन्हा आंबू लागायची. अशा वाइनला टिकण्याचा भरवसा नव्हता.

आज आपण ओळखतो ती कोरडी, टिकाऊ बारोलो एकोणिसाव्या शतकात घडली. तिच्या घडणीत एक फ्रेंच स्त्री ठळकपणे दिसते. ज्युलिएत कोल्बेर लग्न करून पिएमोंतेत आली आणि फाल्लेत्ती घराण्याची, बारोलोची मार्केझा झाली. ट्यूरिनच्या तुरुंगांतल्या स्त्रियांसाठी तिनं केलेलं काम तिच्या वाइनइतकंच मोठं आहे. दुसरं नाव कामिल्लो काव्हूर यांचं. इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार आणि पहिले पंतप्रधान होण्याआधी ते ग्रिंझाने या खेड्याचे महापौर होते आणि तिथल्या बागा सुधारत होते. आंबवण्याची पद्धत नेमकी कुणी बदलली यावर वाद आहे. फार वर्षं लुई उदार या फ्रेंच माणसाला श्रेय दिलं गेलं. अलीकडचे अभ्यासक पाओलो फ्रान्चेस्को स्ताल्येनो या पिएमोंतेच्या सेनाधिकाऱ्याकडे बोट दाखवतात. पुढे राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा यानं १८५८ मध्ये सेर्रालुंगाची फोंतानाफ्रेद्दा ही जहागीर घेतली. राजांची वाइन आणि वाइनचा राजा असली बिरुदं या दरबारी काळातली आहेत.

दरबाराबाहेर चित्र वेगळं होतं. बेप्पे फेनोल्यो या आल्ब्याच्या लेखकाची 'ला मालोरा' ही कादंबरी १९५४ सालची. तिच्यातली लांगे म्हणजे भूक, कर्ज आणि दुसऱ्याच्या शेतावर राबायला पाठवलेली मुलं. द्राक्ष पिकवणारे बहुतेक शेतकरी वाइन स्वतः बाटलीत भरतच नव्हते. ते घड व्यापाऱ्याला विकत आणि भाव व्यापारी ठरवी. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसं ट्यूरिनच्या मोटारकारखान्यात आणि आल्ब्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यात कामाला गेली. १९८६ मध्ये बारोलो ज्यात येतं त्याच कुनेओ जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याच्या भेसळयुक्त स्वस्त वाइनमधल्या मिथेनॉलनं इटलीत वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा प्रामाणिक उत्पादकांच्याही मालाकडे लोक संशयानं पाहू लागले. आज त्या टेकड्या युनेस्कोच्या यादीत आहेत (२०१४ पासून) आणि तिथल्या जमिनीचे भाव सामान्य शेतकऱ्याच्या कल्पनेपलीकडे गेले आहेत. हा सगळा पालट एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतका जवळचा आहे. बारोलोच्या किमतीबद्दल बोलताना मला हे विसरता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. ही वाइन टिकते कशावर?

दोन गोष्टींवर : टॅनिन आणि आम्लता. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं आणि त्यामुळे तोंडाचा ओलावा निघून गेल्यासारखं वाटतं. त्यालाच आपण तुरटपणा म्हणतो. नेब्बिओलोत ते विपुल आहे. आम्लताही भरपूर आहे, आणि ती वर्षानुवर्षं फारशी कमी होत नाही. उलट रंगद्रव्यांच्या बाबतीत हे द्राक्ष गरीब आहे. जी आहेत तीही सहज ऑक्सिडाइज होणाऱ्या जातीची. म्हणून बारोलो कोवळ्या वयातच विटकरी दिसू लागते. इतर रेड वाइनमध्ये विटकरी कडा म्हणजे म्हातारपणाची खूण, इथे ती आठव्या वर्षीही दिसते. नुसत्या रंगावरून हिचं वय सांगायला गेलेले भले भले चुकतात.

बाटली आडवी ठेवल्यावर आत जे चालतं ते अतिशय संथ रसायन आहे. बुचातून वर्षाला काही मिलिग्रॅम इतकाच ऑक्सिजन झिरपतो. टॅनिनच्या साखळ्या रंगद्रव्यांशी जुळतात, तुटतात, पुन्हा वेगळ्या रीतीनं जुळतात. काही इतक्या मोठ्या होतात की गाळ बनून तळाशी बसतात. तोंडात जाणवणारी पकड सैल होत जाते. त्याच वेळी ताज्या फळांचे वास विरत जातात आणि त्यांच्या जागी सुकलेली फुलं, ज्येष्ठमध, चामडं, ओली पानगळ, अळंबी आणि लांगेच्याच जंगलात मिळणाऱ्या पांढऱ्या ट्रफलचा भास उमटतो. मधल्या काळात, साधारण पाचव्या ते दहाव्या वर्षांच्या आसपास, काही बाटल्या पूर्ण मुक्या होतात. फळ गेलेलं असतं आणि नवं काही आलेलं नसतं. अशा वेळी उघडलेली उत्तम बाटली वाईट बाटलीपासून ओळखणं कठीण जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वाइनच्या गप्पांत ती हमखास हरवते. टिकणं आणि सुधारणं या दोन वेगळ्या घटना आहेत. भरपूर टॅनिन असलेली पण फळात दुबळी असलेली वाइन तीस वर्षं टिकेल आणि तीस वर्षांनी नुसती कडू-तुरट राहील. आधी फळ संपलं आणि टॅनिन उरलं, तर वाट पाहून काही हाती लागत नाही. सुधारण्यासाठी फळ, आम्लता आणि टॅनिन एकमेकांच्या बरोबरीनं चालले पाहिजेत, आणि ते ठरतं बागेत. उतार, घड विरळणी, काढणीचा दिवस, त्या वर्षीचं हवामान. १९७८, १९८९, १९९६, २०१० आणि २०१६ ही वर्षं दीर्घायुषी मानली जातात. युरोपभर उष्णतेची लाट आलेलं २००३ लवकर पिऊन टाकायचं वर्ष ठरलं. उन्हाळे तापत चालल्यामुळे काढणी पूर्वीपेक्षा लवकर होते आणि अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर सहज जातं. पूर्वी दशकात तीन-चार चांगली वर्षं आली तरी शेतकरी समाधानी असे, आता पूर्ण वाया जाणारं वर्ष दुर्मीळ झालं आहे. मात्र आजच्या या भरलेल्या, गुबगुबीत वाइन १९७८ च्या वाइनसारख्या चाळीस वर्षं चालतील का, हे सांगायला अजून कुणाकडे पुरावा नाही. मला शंका आहे.

तळघरात काय केलं जातं यावरूनही वाइनचं आयुष्य बदलतं, आणि यावरून लांगेत घरं फुटली. जुनी रीत अशी : रस सालींसह महिना-दोन महिने ठेवायचा, साली वर तरंगू नयेत म्हणून लाकडी फळ्यांनी दाबून बुडवून ठेवायच्या, मग स्लाव्होनियाच्या ओकच्या प्रचंड पिंपांत वाइन वर्षानुवर्षं मुरू द्यायची. जाकोमो कोन्तेर्नो या तळघराची 'मोन्फोर्तीनो' या रीतीचं शिखर मानली जाते. ती फक्त निवडक वर्षी होते आणि सुमारे सात वर्षं पिंपात राहते. याउलट ला मोर्राचे एलिओ अल्तारे तरुणपणी फ्रान्समध्ये बरगंडीला जाऊन आले. तिथले शेतकरी स्वतः वाइन भरून सुबत्तेत जगताना त्यांनी पाहिले आणि १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापून टाकली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळलं. अल्तारे आणि त्यांच्या साथीदारांनी सालींचा सहवास काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपिका, म्हणजे बॅरिक, वापरल्या. वाइन लवकर पिण्याजोगी झाली, रंग गडद झाला, आणि व्हॅनिलाचा वास आला. बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो याविरुद्ध शेवटपर्यंत उभे राहिले. ते वेगवेगळ्या टेकड्यांचे घड पूर्वीसारखे एकत्र करत राहिले. उतारवयात व्हीलचेअरवर बसून हातानं लेबलं रंगवत. 'ना बॅरिक, ना बेर्लुस्कोनी' हे नव्या पिंपिका आणि राजकारणी बेर्लुस्कोनी या दोहोंना नाकारणारं त्यांचं लेबल इटलीभर गाजलं. ते २००५ मध्ये गेले.

माझा कल मास्कारेल्लोंच्या बाजूचा आहे, आणि पुस्तकात तो लपणार नाही. बॅरिकचा व्हॅनिला नेब्बिओलोच्या गुलाबाला झाकतो. पण नव्या पिढीचं ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. घाणेरडी, जुनाट पिंपं साफ झाली, घड विरळणी रूढ झाली, आणि शेतकऱ्याच्या नावाची बाटली जगाच्या बाजारात गेली ती त्यांच्यामुळे. आज बहुतेक चांगली तळघरं दोन्हींच्या मधल्या वाटेवर आहेत.

बाटली बाजारात आली की उत्पादकाचं काम संपतं, बारोलोचं अर्धंच झालेलं असतं. उरलेलं काम तिला ठेवणाऱ्याकडे येतं. मराठी वाचकाला यात सर्वांत मोठी अडचण उन्हाची आहे. बारोलोला बारा ते चौदा अंश, अंधार आणि बूच सुकू नये इतका दमटपणा लागतो. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातली बाटली दोन उन्हाळ्यांत जे भोगते त्याची भरपाई पुढे होत नाही. द्रव प्रसरण पावून बूच ढकलतो, वास शिजल्यासारखा होतो. घरातला साधा फ्रिज काही आठवड्यांना ठीक, वर्षांना नाही, कारण तो फार थंड आणि कोरडा असतो. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर जुनी बारोलो साठवण्याच्या फंदात पडू नये, असं मी स्पष्टच सांगतो. भरमसाट आयात शुल्क भरून आणलेली बाटली पुन्हा उन्हात घालवू नये.

जुनी बाटली घेताना वय वाचण्याआधी ती कशी राहिली हे वाचायचं असतं. मानेतली पातळी किती खाली आली आहे, बूच वर सरकलं आहे का, दिव्यासमोर धरल्यावर रंग स्वच्छ विटकरी दिसतो की गढूळ तपकिरी, हे पाहावं. उघडण्याआधी ती एक-दोन दिवस उभी ठेवावी म्हणजे गाळ बसतो. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला ती पिऊ नये, थोडी थंड करून सतरा-अठरा अंशांवर आणावी. तरुण बारोलोला डिकँटरमध्ये दोन-तीन तास हवा मिळाली तर ती बोलू लागते. तीस वर्षांच्या बाटलीला मात्र जपावं. तिचा सुगंध अर्ध्या तासात येऊन पुढच्या तासात जाऊही शकतो. आणि सोबत जेवण हवंच. तिकडे याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गोमांस किंवा लोणी आणि ट्रफल घातलेल्या बारीक शेवयांसारख्या ताजारीन खातात. आपल्या ताटात मटणाचा मंद मसाल्याचा रस्सा तिला चालतो, झणझणीत तांबडा रस्सा चालत नाही. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोघंही चवीचा नाश करतात.

पुढची प्रकरणं टेकड्यांपासून सुरू होतात, कारण चव समजायला आधी उतार समजावा लागतो. त्यानंतर तळघरं, मग वर्षवार नोंदी, आणि शेवटी चव घेण्याची रीत. वाचता वाचता चाखून पाहायचं असेल तर एकाच उत्पादकाच्या एकाच वर्षाच्या तीन बाटल्या घ्याव्यात, योग्य थंडाव्यात ठेवाव्यात आणि काही वर्षांच्या अंतरानं उघडाव्यात. एवढा खर्च आणि एवढी सोय सगळ्यांना शक्य नाही. त्यांनी 'लांगे नेब्बिओलो' असं लिहिलेली साधी बाटली शोधावी. तेच द्राक्ष, पुष्कळदा बारोलोच्याच शिवारातल्या तरुण वेलींचं, कमी काळ मुरवलेलं आणि बरंच स्वस्त. गुलाब, डांबर आणि हिरड्या आवळणारा तो तुरटपणा तिच्यातही पुरेपूर आहे, आणि पहिली तीन प्रकरणं वाचायला तेवढं पुरतं.